तपासणी मागणे म्हणजे संशय घेणे का?



विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात आपण प्रश्नांसाठी एक डबा ठेवतो. तोंडाने विचारायला संकोच वाटतो ते प्रश्न मुलेमुली चिठ्ठीवर लिहून त्यात टाकतात. नाव लिहायचे नसते. अशाच एका शिबिरात निघालेली चिठ्ठी माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्यात लिहिले होते : "लग्नाआधी दोघांनी गुप्तरोगांची तपासणी करून घ्यावी असे तुम्ही सांगता. पण मी तिला तपासणी करायला सांगितले तर मी तिच्यावर संशय घेतला असे होणार नाही का? आणि तिने मला सांगितले तर मी काय समजायचे?"

त्या दिवशी डॉक्टरांनी वैद्यकीय माहिती चांगली दिली. पण त्या मुलाचा प्रश्न रक्ताविषयी नव्हता, विश्वासाविषयी होता. त्याचे उत्तर देण्याआधीच जेवणाची वेळ झाली आणि शिबिर पुढच्या विषयाकडे वळले. ते राहून गेलेले उत्तर आज शोधायचा प्रयत्न करू या.

आधी माहिती थोडक्यात पाहू. गुप्तरोग म्हटले की आपल्याला एचआयव्ही आठवतो. पण गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया), क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार आजार त्याहून कितीतरी जास्त लोकांना होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये या चार आजारांची मिळून सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. म्हणजे दररोज दहा लाखांहून अधिक. हे चारही आजार औषधाने बरे होतात. अडचण अशी की पुष्कळांना, विशेषतः स्त्रियांना, काही लक्षणच दिसत नाही. माणूस कामाला जातो, स्वयंपाक करतो, मिस्साला येतो आणि आजार आत आपले काम करत राहतो.

गरमीची रक्ततपासणी जुनी आहे. १९०६ साली बर्लिनमध्ये ऑगस्ट वासरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पहिल्यांदा केली. तिला प्रयोगशाळा लागे, हुशार हात लागत आणि वेळ लागे. पुढे व्हीडीआरएल ही सोपी चाचणी आली. हा शब्द आपल्या आयाबहिणींच्या बाळंतपणाच्या कागदांवर अनेकांनी वाचला असेल. पण तीसुद्धा लॅबमधलीच. एक दिवस रक्त द्यायचे, पुन्हा रिपोर्टला यायचे, पुन्हा औषधाला यायचे. ज्या बाईचा प्रत्येक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, ती तिसऱ्यांदा येईलच असे नाही. अशा वेळी रिपोर्ट कपाटात राहायचा आणि आजार घरात राहायचा.

आता ज्या झटपट चाचण्या आल्या आहेत त्यांनी हे हेलपाटे वाचवले. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी तशी पट्टी पाहिली आहे. इथे नाकातला स्राव नाही, बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतात, वर औषधी पाण्याचे थेंब टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबतात. एक रेघ उमटली तर पट्टी नीट चालते आहे असे समजायचे. दुसरीही उमटली तर लागणीची खूण सापडली. एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि गरमी दोन्ही पाहणाऱ्या चाचण्याही आहेत. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रियांच्या तपासणीत सुरुवातीलाच अशी दुहेरी चाचणी वापरावी असे सुचवले. मोठे यंत्र नको, वीज नको. पाड्यावरच्या उपकेंद्रातसुद्धा नर्स ती करू शकते. परमा आणि क्लॅमिडियासाठी अर्ध्या तासात उत्तर देणारी छोटी यंत्रे २०२१ पासून अमेरिकेत वापरात आली आहेत, पण ती महाग आहेत.

हे सर्व ऐकले की वाटते, प्रश्न सुटला. खरे म्हणजे प्रश्न इथेच सुरू होतो. रिपोर्ट यायला आठवडा लागत होता तेव्हा उशिराचा दोष आपण लॅबला देऊ शकत होतो. आता उत्तर पंधरा मिनिटांत मिळते. तरीही नवरा-बायको तपासणीला जात नाहीत, गेले तरी एकमेकांना सांगत नाहीत, सांगितले तर घर मोडते. आता दोष कोणाला द्यायचा?

माझ्या मते आपली खरी अडचण अशी आहे की ती चाचणी रक्ताची आहे हे आपण विसरतो. आपण तिला चारित्र्याची चाचणी समजतो. पट्टीवर रेघ उमटली की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो : कोणामुळे?

हा प्रश्न फार जुना आहे. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात गरमीला 'फिरंग रोग' म्हटले आहे. म्हणजे फिरंग्यांनी आणलेला रोग. ज्या पोर्तुगिजांनी १५३४ ते १७३९ पर्यंत आपल्या वसईवर राज्य केले, ते हेच फिरंगी. तिकडे युरोपात फ्रेंच लोक त्याच रोगाला नेपल्सचा रोग म्हणत आणि इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत. प्रत्येकाने तो शेजाऱ्याच्या नावावर टाकला. नाव टाकून एकही माणूस बरा झाला नाही. तो बरा होऊ लागला १९४३ नंतर, पेनिसिलिन आल्यावर. आणि पेनिसिलिन कधीही विचारत नाही की आजार कोणाकडून आला.

योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील प्रसंग आपल्याला माहीत आहे. जन्मापासून आंधळा असलेला माणूस वाटेवर दिसतो. शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईवडिलांनी. प्रभू येशू तो प्रश्न मान्यच करत नाही. तो खाली वाकतो, माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्यांना कारण हवे होते, प्रभूने उपचार केला. गुप्तरोगाच्या बाबतीत आपण अजून शिष्यांच्या जागी उभे आहोत असे मला वाटते.

आणि इथे एक निष्पाप जीव खरोखरच असतो. गरोदर आईला गरमी असेल आणि उपचार झाले नाहीत, तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोचते. गर्भ पडतो, मूल मृत जन्मते, अपुऱ्या दिवसांचे जन्मते किंवा आजार घेऊन येते. २०१६ या वर्षासाठी जगभरातला अंदाज असा की गर्भातच गरमीची लागण झालेली ६ लाख ६१ हजार प्रकरणे होती. त्यांत १ लाख ४३ हजार गर्भ किंवा बाळे जन्माआधीच गेली आणि ६१ हजार बाळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. आजार नुकता जडला असेल तर आईला बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, म्हणजे २४ लाख युनिटचा एक डोस, वेळेवर मिळाले की बहुतेक बाळे वाचतात. आजार जुना असेल किंवा केव्हापासूनचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शने घ्यावी लागतात. गर्भाच्या रक्षणासाठी आपण ख्रिस्ती लोक बोलतो, प्रार्थना करतो. मग एक थेंब रक्त आणि काही इंजेक्शने हासुद्धा गर्भरक्षणाचाच भाग नाही का? हे होऊ शकते याचा पुरावा आहे. आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही आणि गरमीची लागण जवळजवळ थांबवल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली क्युबाला आणि २०१९ साली आपल्या शेजारच्या श्रीलंकेला मान्यता दिली.

कोणी म्हणेल, इतके चांगले आहे तर सक्ती करा. लग्नाच्या कागदपत्रांबरोबर रिपोर्टही मागा. २००६ साली गोव्यात लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याचा विचार सरकारने मांडला होता. हेतू चांगला होता. पण अमेरिकेतील इलिनॉय राज्याने हा प्रयोग आधीच करून पाहिला होता. १९८८ साली तिथे लग्नाचा परवाना हवा असेल तर एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. पहिल्या सहा महिन्यांत ७० हजार ८४६ जणांची तपासणी झाली आणि त्यात लागण सापडली फक्त आठ जणांना. दुसरीकडे लग्नाचे परवाने २२ टक्क्यांहून जास्त घटले, कारण जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करू लागली. १९८९ साली तो कायदा रद्द झाला. सक्तीने माणूस पट्टीसमोर बसत नाही, तो पळवाट शोधतो. आणि लग्नाच्या दिवसापुरता मिळालेला कागद पुढच्या वीस वर्षांची हमी देत नाही.

सक्तीइतकेच वाईट म्हणजे कळलेले सत्य लपवणे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेतील टस्कीगी गावी सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यातील ३९९ जणांना गरमी होती. तुमचे रक्त वाईट आहे एवढेच त्यांना सांगितले गेले. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही ते त्यांना दिले नाही. १९९७ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. रक्त माणसाचे, पण उत्तर दुसऱ्याच्या वहीत. तपासणीचे फळ ज्याचे रक्त आहे त्याला प्रथम कळले पाहिजे आणि त्याबरोबर उपचारही मिळाले पाहिजेत. नाहीतर ती तपासणी नव्हे, अन्याय आहे.

पण नवऱ्याने स्वतःचे उत्तर स्वतःजवळ ठेवले आणि बायकोला सांगितले नाही तर? इथे प्रश्न कठीण होतो. १९९८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले होते. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला एचआयव्ही असल्याचे रुग्णालयाला कळले, ती बातमी बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. त्याने रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने म्हटले की त्याच्या गुप्ततेपेक्षा त्या मुलीचा निरोगी जगण्याचा हक्क मोठा आहे. पुढे २०१७ साली एचआयव्हीविषयी कायदा झाला आणि २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. मात्र जोडीदाराला मोठा धोका असेल आणि समजावूनही रुग्ण स्वतः सांगत नसेल, तर त्याला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. पण सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल तर सांगायचे नाही, हेही कायद्याने लिहून ठेवले आहे.

आपल्या ख्रिस्तसभेचा नियमही याच दिशेचा आहे. १९८३च्या धर्मविधीसंहितेचे १०९८वे कलम सांगते की वैवाहिक जीवनाला गंभीर धक्का देऊ शकेल अशा गोष्टीबाबत, संमती मिळवण्यासाठी, मुद्दाम फसवणूक केली असेल तर तो विवाह वैध ठरत नाही. म्हणजे वेदीसमोर दिलेला होकार खऱ्या माहितीवर उभा असावा अशी अपेक्षा आहे. ज्याला स्वतःच्या आजाराची कल्पना आहे त्याने गप्प राहणे ही खाजगी बाब राहत नाही.

आता एका गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. घरात बहुधा बाईचीच तपासणी प्रथम होते, कारण गरोदरपणात तिची नोंद होते. त्यामुळे उत्तर तिच्या नावावर प्रथम उमटते. लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी सासू म्हणते, हिच्यात सापडली, म्हणजे हिनेच आणली. प्रथम कळले म्हणून ती प्रथम दोषी! आणि पट्टीच्या भाषेत हे धादांत खोटे आहे. आजार कधी जडला आणि कोणाकडून जडला हे पट्टीला सांगताच येत नाही. गरमीची झटपट चाचणी रक्तातली जी खूण शोधते ती आजार पूर्ण बरा झाल्यावरही बहुतेकांमध्ये जन्मभर राहते, म्हणून दुसरी रेघ ही कदाचित दहा वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या आजाराचीही असू शकते. नक्की काय ते पुढची चाचणी आणि डॉक्टर ठरवतात. उलट, एचआयव्हीची लागण नवी असेल तर काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, पट्टी कोरीच राहू शकते. अंगावरून पांढरे जाणे तर कित्येकदा गुप्तरोगामुळे नसतेच. ज्या वस्तूला स्वतःच्या मर्यादा आहेत तिच्या आधाराने आपण एका स्त्रीचा न्याय करायला बसतो.

म्हणून चाचणी झटपट झाली तरी बोलणे झटपट उरकू नये. पट्टी पंधरा मिनिटांत उत्तर देईल, पण ते उत्तर पचवायला माणसाला पंधरा मिनिटे पुरत नाहीत. तपासणीआधी समुपदेशकाशी बोलावे, निकालानंतर पुन्हा बोलावे, आणि शक्य असेल तेथे नवरा-बायकोने एकाच दिवशी, एकाच बाकावर बसून तपासणी करून घ्यावी. मग कोणाचे नाव पहिले हा प्रश्नच उरत नाही. उपचारही दोघांनी मिळूनच घ्यायचे असतात. एकाने घेतले आणि दुसऱ्याने टाळले तर आजार पुन्हा परत येतो.

एक आक्षेप मी ऐकला आहे आणि तो प्रामाणिक माणसांकडून ऐकला आहे. तपासणी सोपी आणि औषध स्वस्त झाले तर लोकांना धाक राहणार नाही, पाप सोपे होईल. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वैवाहिक निष्ठा हे आपले वचन आहे आणि कोणतीही पट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही. पण धाकाची किंमत कोण चुकवते ते पाहा. चूक करणारा बहुधा चुकवत नाही. घरी विश्वासाने वाट पाहणारी बायको चुकवते, पोटातले बाळ चुकवते. दुसऱ्याच्या बाळाच्या जिवावर आपण कोणाला सद्गुण शिकवणार? आणि चुकलेला माणूस परत यावा असे आपल्याला खरेच वाटत असेल, तर येण्याची वाट इतकी लाजेची करून ठेवू नये की तो दारातूनच मागे फिरेल.

आता त्या चिठ्ठीकडे परत येतो. मित्रा, तू विचारलेस की तपासणी मागणे म्हणजे संशय घेणे का. तू खुर्चीत बसून तिला म्हणालास की जा, तपासून ये आणि कागद दाखव, तर होय, तो संशय आहे, आणि तिला राग आला तर तो योग्य आहे. पण तू म्हणालास की शनिवारी मी स्वतःची तपासणी करायला जातो आहे, माझे उत्तर मी तुला सांगणार आहे, तू माझ्याबरोबर येशील का, तर तो संशय नाही. तिने तुला असेच विचारले तर तेही संशय समजू नकोस. आणि दोघांपैकी एकाच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, तर पहिला प्रश्न 'कोणामुळे' असा न विचारता 'औषध कधी सुरू करायचे' असा विचार. दुसरा प्रश्न विचारण्याचा तुला हक्क आहे, पण तो नंतर, शांतपणे, आणि गरज वाटली तर कोणा जाणत्या माणसाच्या सोबतीने. लग्न करायचे की नाही हेही तेव्हा ठरवता येईल, रागाच्या भरात नाही.

आणि आपण बाकीचे धर्मग्रामस्थ? सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. तेथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते आणि गुप्तरोगांच्या तपासणीबद्दलही मार्गदर्शन मिळते. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावरही माहिती विचारता येते. तेथून बाहेर पडताना शेजारचा कोणी दिसला तर आपण दोन गोष्टी करू शकतो. घरी येऊन 'अमक्याला तिथे पाहिले' म्हणून सांगू शकतो, किंवा त्याला नेहमीसारखे 'कसा आहेस रे' एवढेच विचारून पुढे जाऊ शकतो. त्या पट्टीचे काम पंधरा मिनिटांत संपते. आपले काम त्या बाकापासून त्याच्या घराच्या दारापर्यंतचे आहे. तेवढ्या वाटेवर आपण त्याच्याशी कसे वागतो, यावर तो पुढच्या वेळी उपचाराला येणार की नाही हे ठरते.

— विवाहपूर्व शिबिराचा एक कार्यकर्ता